कानपिळीपुरती उंची

१३ मे २०२५, धसई

भाविक आला. आला म्हणजे आणला. रुग्णवाहिकेतून दोन माणसांनी उचलून माझ्या पुढच्या खोलीत, माझ्या वाचायच्या खुर्चीच्या जागी ठेवला. खुर्ची आता ओट्यावर ऊन खात बसली आहे.

दोन्ही पायांना गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लोखंडी कड्या, कड्यांतून तारा, आणि तारा हाडातून आरपार. अपघातातल्या माणसाचे असे पाय पाहून मला रडू आलं असतं. पण अपघात झालेलाच नाही. माझा धाकटा भाऊ शाम, त्याच्या एकतीस वर्षांच्या धडधाकट मुलाने मुंबईच्या हॉस्पिटलात जाऊन स्वतःच्या दोन्ही नडग्या राजीखुशीने तोडून घेतल्या आहेत. उंच होण्यासाठी.

त्याची उंची पाच फूट तीन. "साडेतीन," तो म्हणतो. भूमी अभिलेख खात्यात छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या मी. अर्ध्या इंचासाठी भांडणारी माणसं मला नवीन नाहीत.

शहापूरला त्याच्या आईबापाला वाटतं, पोरगा शोरूमच्या ट्रेनिंगला सुरतेला गेला आहे. म्हणजे आजपासून मी सुरत.

"आत्ये, तूच एक अशी आहेस की कोणाला सांगणार नाय."

"सांगणार नाही, कारण मला लाज वाटते."

तो हसला. एवढं दुखत असताना हसता येतं हे मला माहीत नव्हतं.

१४ मे

हॉस्पिटलचा कागद वाचला. कड्यांवरचे नट दिवसातून चार वेळा फिरवायचे, दर वेळी पाव मिलीमीटर. तोडलेल्या हाडाची दोन टोकं अशी रोज एक मिलीमीटर लांब जातात आणि मधल्या फटीत नवीन हाड भरतं. आतून सळई घातली आहे, ती हाड सरळ ठेवते. डॉक्टरांना फोन करून विचारलं, "हाड म्हणजे काय बांधावरचं गवत आहे का, मोकळी जागा दिसली की उगवायला?" म्हणाले, "जवळपास तसंच."

सतरा तारखेपासून सुरुवात. सहा, बारा, सहा, दहा. वेळा पाळणं मला जमतं. मोजणीच्या एका जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, तिथे डावा आणि उजवा असे दोन रकाने आखले.

दुपारी जिवली आली. ठाकरवाडीची. धसईच्या बाजारात रानभाजी विकते आणि येता-जाता माझ्या ओट्यावर टेकते. भाविकला बघून टोपली हातातच राहिली तिच्या.

"ह्या काय गो बाय? ह्याचे पाय पिंजऱ्यात घातले?"

"उंच व्हायचंय त्याला."

जिवलीने त्याच्याकडे पाहिलं, मग मला खालून वरपर्यंत पाहिलं. "आन तू, देवानी दिली ती घेऊन, वाकून चालते."

मी तिला भाजी निवडायला बसवलं.

१७ मे

भाविकने पडल्या पडल्या माझी टेप मागितली आणि जिवलीकडून माझी उंची मोजून घेतली. स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिले, जिवलीने पेन्सिलची रेघ मारली. पाच फूट सात. माझ्या सर्व्हिस बुकात पाच नऊ लिहिलेलं आहे. वयाने माणूस खचतो, त्यात विशेष काही नाही. आमच्या घराण्यात उंची एवढी मलाच आली, आणि मुलीला आली म्हणून कोणालाच आवडली नाही.

१९ मे

आज शेवटी कारण कळलं. मी आठवडाभर विचारत होते: कोणा मुलीने नाकारलं का? नोकरीत अडलं का? नाही. कारण आहे कानपिळी.

लग्नात नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, "बहिणीला नीट सांभाळ" म्हणायचं आणि मानाचे कपडे घ्यायचे. पाच मिनिटांचा विधी. दोन वर्षांपूर्वी मुरबाडला त्याच्या चुलत बहिणीचं, दिपालीचं लग्न झालं, तेव्हा कान पिळायला हाच होता. नवरदेवाच्या मित्रांनी ऐन वेळी नवरदेवाला उचलून धरला. भाविकने तीन उड्या मारल्या. मग कोणीतरी ओरडलं, "डबा आणा रे!" आणि पंधरा लिटरचा तेलाचा डबा आला. हा त्यावर चढला. डबा चेपला. हा रुखवतातल्या लाडवांत.

त्याचा व्हिडिओ शहापूरपासून वैशाखऱ्यापर्यंत फिरला. शोरूममध्ये लोक गाडी बघायला येतात आणि विचारतात, "डबा कुठाय आज?"

आता डिसेंबरात त्याच्या सख्ख्या बहिणीचं, सोनालीचं लग्न आहे. नवरदेव सूरज सहा फूट. व्हॉलीबॉल खेळतो. मित्रही तसेच.

त्या लग्नात मी होते. मांडवात सगळ्यात मागे. सगळे हसले तेव्हा मीही हसले होते. हे कोणी वाचणार नाही, तरी लिहायला हवं म्हणून लिहिते.

२४ मे

काल बसून आकृती काढली, मापासकट. सूरजचा कान जमिनीपासून पाच फूट साडेसहा इंचांवर. भाविकने हात वर केला तर बोटं पोचतात सहा फूट सातला. म्हणजे पाय न तोडताही एक फुटाची सवलत होती. आकृती त्याच्या छातीवर ठेवली आणि म्हटलं, "हे गणित सातवीतल्या मुलालाही येतं. कान तुझ्या हातात होता!"

त्याने बराच वेळ कागद पाहिला. आकृती चांगली आहे म्हणाला. मग म्हणाला, "कान नाय गो आत्ये. ते हसतात ना, ते."

मी कागद घडी करून वहीत ठेवला. सहाचा नट फिरवला.

३ जून

दुखणं वाढलं आहे. तारांच्या मुळाशी रोज औषधाने पुसावं लागतं, तेव्हा तो उशी चावतो. मी त्याला गुंतवायला मोजणीची जुनी कोष्टकं म्हणायला लावते. सोळा आणे एक साखळी, चाळीस गुंठे एक एकर. जिवलीलाही आता पाठ झाली आहेत. ती भाजी विकताना म्हणते आणि गिऱ्हाईक घाबरतं.

आज पुसताना तो मध्येच म्हणाला, "डबा आणा असं कोण ओरडलं माहितेय? बाबा."

शाम. माझा भाऊ. "त्याने चेष्टा केली असेल."

"नाय. त्यांना खरंच वाटलं, मदत होईल."

हे जास्त वाईट आहे, हे मला रात्रीपर्यंत कळत गेलं.

११ जून

मुरबाडहून फिजिओथेरपिस्ट येऊ लागली. योगिनी. स्कूटीवर येणार, मंगळवारी आणि शुक्रवारी असं ठरलं. आज बुधवार होता, पण रस्त्यातच घर लागलं म्हणाली. उंची चार फूट अकरा, मी नजरेनेच मोजली. हेल्मेट काढलं, भाविकच्या कागदपत्रांवर नजर टाकली आणि पहिला प्रश्न: "आधी किती होतात?"

"पाच तीन." साडेतीन नाही म्हणाला आज.

"मग? पुष्कळ होतं की."

भाविकचा चेहरा लाल झाला. खोलीत उकडत होतं, मी खिडकी उघडली.

तिने दोरी टाचेला लावून पाय ताणायचा व्यायाम शिकवला. नंतर वॉकर धरून भिंतीशी उभं राहायचं: टाचा, पाठ, खांदे, डोकं, सगळं भिंतीला. तो दोन मिनिटांत कंटाळला. तेव्हा ती मला म्हणाली, "मॅडम, तुम्हीपण राहा ना उभ्या. ह्यांना सोबत."

राहिले. माझं डोकं भिंतीला टेकेना. तिने तळहाताने माझे खांदे मागे ढकलले. थेट सिस्टर बेनेडिक्टांची आठवण झाली. वडील कसाऱ्याला रेल्वेत कारकून होते, त्यांनी मला कल्याणला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात ठेवलं होतं. सिस्टर वर्गात शिरल्या की आधी हाक, "संजीवनी, शोल्डर्स!" सुटीत घरी आले की आईची हाक, "वाक जरा, माणसं बघतायत." दोघींमध्ये आई जास्त वर्षं जगली.

२४ जून

सोनालीच्या साखरपुड्याला दोन दिवस शहापूरला जाऊन आले. जाण्यापूर्वी जिवलीला नट फिरवायचं काम शिकवून दिलं होतं, दर वेळी रकान्यात एक रेघ मारायची. परत येऊन वही उघडली. डाव्या रकान्यात आठ रेघा. उजवा कोरा.

"जिवली! उजवा पाय कुठे गेला?"

"उजव्याला लय दुखत व्हतं गो. रडत व्हता. मी नाय फिरवला."

"दोन मिलीमीटर! एक पाय दोन मिलीमीटर आखूड झाला की नाही?"

"तुमच्या खात्यानी कुनाची जमीन कमी-जास्त नाय केली कदी?"

माझ्याकडे याचं उत्तर आहे, पण ते तासाभराचं आहे आणि तिला बाजार गाठायचा होता. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, उजवा दोन दिवस जास्त चालवा. भाविक मात्र खूश. दोन दिवस निम्मंच दुखलं म्हणे.

साखरपुड्याची दुसरी गोष्ट त्याला सांगितली नाही. मी हात धुवायला मागे गेले, तेव्हा सूरजचे मित्र आपसात बोलत होते. लग्नात सूरजला असा उचलायचा की भावाला शिडी लागली पाहिजे. हसत होते. वाईट मुलं नाहीत, मला जेवणाचं ताट आणून दिलं त्यांनी.

म्हणजे दोन इंच वाढव नाहीतर चार. उचलणारे हात तेवढेच वर जाणार.

२ जुलै

आज घरात रणकंदन. चार सेंटीमीटर आणि वर सहा मिलीमीटर झाले. भाविकला सात हवेत. पण आठवडा झाला, त्याची टाच जमिनीला टेकत नाही. मागची शीर ताणून दोरीसारखी झाली आहे.

योगिनीने स्पष्ट सांगितलं. "डॉक्टरांशी बोलले मी. इथं थांबायचं का, ते तुमच्यावर आहे. थांबलात तर डिसेंबरात चालाल. सात केलेत तर लग्नाला तुमची खुर्ची उचलून न्यावी लागेल."

"मी सातच करणार."

"करा. सातवर थांबतो असा कोण भेटलाय? पुढं आठ वाटतं."

ती गेली. जाताना पाण्याचा पेलाही घेतला नाही. भाविक भिंतीकडे तोंड करून पडला. आणि मग मी ते सांगून टाकलं. सूरजचे मित्र, शिडी, सगळं. सांगताना माझा आवाज चढला होता. इतक्या दिवसांचा राग होता आणि तो त्याच्यावर नव्हताच, पण निघाला त्याच्यावर. "तू ताडाएवढा झालास तरी ते उचलणारच आहेत!"

दुपारी तो जेवला नाही. मला वाटलं, मोडला पोरगा, आणि मीच मोडला. सहा वाजता नटाची किल्ली घेऊन जवळ गेले.

"आत्ये, सहाचा नको फिरवूस."

"बाराचा झालाय, तो धरून चार पूर्णांक..."

"असू दे किती असेल ते. आता मला फक्त चालत जायचंय. माझ्या पायांनी. मांडवात."

वहीत दोन्ही रकान्यांखाली आडवी रेघ मारली. मोजणी संपली की मारतात तशी. पानावर एक थेंब पडला. माठ पाझरतो आहे बहुधा, जागा बदलायला हवी.

१९ जुलै

कड्या निघाल्या! पाय सोललेल्या शेवग्याच्या शेंगांसारखे दिसतात. जिवली नाचणीची आंबील घेऊन आली आणि ते पाय बघून इतकी हसली की आंबील सांडली. भाविकही हसला. योगिनीने पेढे आणले. आज शनिवार. ही मुलगी सुट्ट्या घेते की नाही?

२९ ऑगस्ट

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

गणपतीला भाविक घरी गेला नाही. फोनवर त्याने सुरतेचा पाऊस, सुरतेचा साहेब, बरंच रंगवलं. शामकडचा गणपती दीड दिवसाचा. काल विसर्जन झालं आणि आज सकाळी दहाला शाम प्रसादाचा डबा घेऊन माझ्या दारात. न कळवता. अंगणात भाविक वॉकर धरून चालत होता, योगिनी मागून त्याची कंबर सरळ करत होती.

शाम फाटकात उभा. मी तोंड उघडलं, पण सुरतेबद्दल सुचेना.

शामने आधी पायांकडे पाहिलं. मग वर.

"अक्का, ह्याला काय झालंय?"

भाविकनेच सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. डब्यापर्यंत आला आणि थांबला. शामने हातातला प्रसादाचा डबा खाली ठेवला, जणू तो चटका देत होता.

"मी ओरडलो व्हतो ते," शाम म्हणाला. "रोज आठवतं मला. मला वाटलं तू इसरला."

मग माझा भाऊ, जो आईच्या तेराव्यालासुद्धा रडला नव्हता, ओट्यावर माझ्या खुर्चीत बसला आणि गमछ्याने तोंड पुसत राहिला. भाविक वॉकर घेऊन त्याच्याकडे चालत गेला. सोळा पावलं. आजवरची सगळ्यात जास्त. योगिनी मोजत होती, मीही.

शाम शेवटी काय म्हणाला? "पँटी आखूड झाल्या असतील तुझ्या. जाताना माप दे, शिवायला टाकतो."

मग आम्ही सगळ्यांनी मोदक खाल्ले. जिवलीने चार खाल्ले आणि सुरत लय लांब नाय म्हणाली.

२ ऑक्टोबर

भाविक एका काठीवर बाजारापर्यंत गेला. भाजीवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या, जिवलीने त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. कोथिंबीर फुकट मिळाली. आमचं घर जुलैपासून नटाच्या वेळांवर चालत नाही, तरी सहाला मला जाग येतेच.

भिंतीशी उभं राहणं चालू आहे. रोज वीस मिनिटं. त्याला सोबत म्हणून. आज त्याला बाजारातून परतायला उशीर झाला, तर मी आधी उरकून घेतलं.

तक्रार एकच. धोब्याने माझ्या साड्या आटवल्या. तिन्ही सुती साड्या घोट्याच्या वर जायला लागल्या आहेत. त्याला उद्या बोलणार आहे. ब्लाऊजही पाठीत ओढतात.

१४ ऑक्टोबर

स्वयंपाकघराच्या चौकटीवर कपाळ आपटलं. टेंगूळ आलं. चौदा वर्षं या दारातून जातेय, असं कधी झालं नव्हतं. घर खचत असणार. गवंड्याला दाखवायला हवं.

योगिनीने बर्फ लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मॅडम, तुम्ही कधीपासून वाकायला लागलात?"

मी वाकत नाही म्हटलं. पण ती गेल्यावर आठवत बसले. चौऱ्याऐंशी साल. पाचवं स्थळ. आईने सांगितलं होतं, बसूनच राहा, उठू नकोस. चहा मावशीने दिला. सगळं ठरत आलं होतं. मग मुलाची म्हातारी आजी उठायला लागली, तिला हात द्यायला मी उभी राहिले. मुलाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसला. वाईट हसला नाही. फक्त हसला. मी तेव्हाच आजीच्या काठीएवढी झाले असेन.

पुढे नोकरीत वाकण्याचा फायदाच होता. साखळी जमिनीवर असते.

१५ नोव्हेंबर

मुंबईचा एक्स-रे. उजवं हाड पूर्ण भरलं. डाव्या हाडाची एक बाजू अजून पुसट. डॉक्टर म्हणतात, चालायला हरकत नाही, पण लग्नात काठी सोडायची नाही, आणि उडी, नाच, धावणं काहीही नाही. भाविक परतीच्या वाटेवर एक्स-रे पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघत होता. काठीविना जायचं होतं त्याला.

घरी आल्यावर त्याने शामला फोन लावला. स्पीकरवर होता म्हणून ऐकलं.

"बाबा, काठी घेऊन यावं लागंल."

"काठी असू दे," शाम म्हणाला. "डबा नसला म्हणजे झालं."

८ डिसेंबर, शहापूर

काल सोनालीचं लग्न झालं. सकाळपासून लिहायला बसते आहे, पण दर पाच मिनिटांनी कोणीतरी येऊन माझ्या पाया पडतं.

भाविक फाटकापासून मांडवापर्यंत चालत आला. नवी पँट, शामने शिवलेली, घोट्यापर्यंत बरोब्बर. काठी उजव्या हातात. बघणारे बघत होते. कोणी "डबा" म्हटलं नाही, काठी बघून संकोचले असतील. योगिनीही आली होती. तिला कोणी बोलावलं कळलं नाही. सोनालीने म्हणे. सोनाली तिला कशी ओळखते हे विचारायचं राहिलं.

लग्नगीतं गाणाऱ्या धवलारणींनी धवले म्हटले, अक्षता पडल्या, आणि कानपिळीची हाक आली. मी नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत. कॉन्व्हेंटच्या प्रत्येक फोटोत मी शेवटच्या रांगेत आहे, सवय आहे.

भाविक बोहल्याशी गेला. हात पुढे केला. आणि त्या चौघांनी सूरजला मांड्यांना धरून उचललं. सगळ्यांचे फोन वर. सूरज वरून ओरडत होता, "अरे उतरवा रे, त्याचे पाय!" पण बँडवाला चेकाळलेला, कोण ऐकतं.

भाविकने मान वर करून पाहिलं. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती. सरळ होती. आणि तो हसला! मोठ्याने. "सूरजराव, ह्या टायमाला मी उडी मारणार नाय. डॉक्टरनी मना केलंय. तुमी जेवायच्या टायमाला तरी खाली याल ना? थांबतो मी."

मांडव हसला. त्याच्याबरोबर हसला. मी या माणसांना ओळखते, मला फरक कळतो. तेवढ्यात मागून, मंडपाच्या कडेने, कोणीतरी ओरडलं, "डबा आणा रे!"

शामचा चेहरा पांढरा पडला.

पुढचं मला नीट आठवत नाही. शेवटच्या रांगेतून बोहल्यापर्यंत मी कशी पोचले, कोणाच्या पायावर पाय दिला, माहीत नाही. एवढं आठवतं की मी उभी राहिले. भिंतीशी राहते तशी: टाचा, पाठ, खांदे, डोकं. आणि हात वर केला. सूरजचा कान माझ्या हातात आला. पुरता. सव्वासात फुटांवर असेल. मी तो धरला आणि खाली ओढला.

"पुट हिम डाऊन!" मी म्हणाले. म्हणाले असं मला वाटतं. माझ्यासोबत लग्नाला आलेली जिवली म्हणते, बँड त्यानेच थांबला.

चौघांपुढे दोनच पर्याय होते, कान सोडवावा किंवा माणूस खाली ठेवावा. त्यांनी माणूस खाली ठेवला.

"आत्याबाई," सूरज वाकलेल्या मानेने म्हणाला, "एक कान तरी ठेवा, सोनालीचं ऐकायला लागंल."

"हा मान माझा नाही," मी म्हटलं. "मी फक्त हद्द कायम करून दिली. भाविक, पुढे हो."

भाविकने काठी शामच्या हातात दिली. काठीशिवाय उभा राहिला, दोन्ही पायांवर, स्वतःच्या, आणि दोन्ही हातांनी सूरजचे दोन्ही कान पिळले. "बहिणीला नीट सांभाळा. नायतर आत्या हाय." सोनाली इतकी हसली की मुंडावळ्या नाकावर आल्या. शाम काठी छातीशी धरून नाचत होता. चौसष्ट माणसांदेखत मला सूरजच्या त्या चार मित्रांनी वाकून नमस्कार केला, आणि त्यातला एक उठताना कान झाकून उठला.

धवलारणींनी लगेच जोडून टाकलं, नवरीची आत्या गो आभाळाला टेकली. मी त्यांना म्हटलं, असं काही घडलेलं नाही. त्या दुसऱ्या कडव्याला लागल्या होत्या.

नवीन व्हिडिओ फिरतो आहे. डब्याचा कोणी बघत नाही आता. शोरूममध्ये लोक विचारतात म्हणे, "क्रेन आत्या कुठं राहतात?" क्रेन! या वयात! दोन कॉलेजच्या उंच मुली, दोघीही खांदे पाडून चालणाऱ्या, माझ्यासोबत फोटो काढायला आल्या. दोघींना भिंतीचा व्यायाम सांगितला. फोटोत मी मधे आहे, पुढच्या रांगेत. मागच्यांना काही दिसलं नसेल.

२१ डिसेंबर, धसई

घर रिकामं वाटेल असं वाटलं होतं. वाटायला वेळ मिळत नाही. भाविक दर रविवारी येतो, तपासणीला. तपासणी मुरबाडला असते, पण तो आणि योगिनी इथेच जेवतात. दोघं शेजारी बसले की आता बरी उंची दिसते, पण त्याचा काय संबंध, मी सहज लिहिलं.

आज त्याची अंतिम मोजणी केली. रीतसर, जिवली, योगिनी, शाम असे तीन पंच. चौकटीशी उभा केला, पेन्सिलची रेघ मारली. पाच फूट पाच इंच, थोडं कमी. "साडेपाच लिही," शाम म्हणाला. मी जे आहे ते लिहिलं. भाविकने आकड्याकडे पाहिलंही नाही, तो वाटाणे सोलत होता.

मग जिवली म्हणाली, "आता तू उभी ऱ्हा." नको म्हटलं तरी तिने मला चौकटीला लावलं. मेमधली रेघ अजून आहे, पाच सात. आजची तिच्यापेक्षा पावणेदोन इंच वर आली. चौघांनी टेप वाचली.

टेप ताणली गेली असणार. ओली झाली होती. कल्याणहून नवी आणून पुन्हा मोजेन, तोवर हा आकडा ग्राह्य धरू नये असा शेरा मारला आहे.

संध्याकाळी गवंडी येऊन गेला. घर अजिबात खचलेलं नाही म्हणाला, चौकटच बुटकी आहे, तुमी जरा वाकून जात जा. मी त्याला सांगितलं, चौकट काढ आणि चार इंच वर बसव. तो म्हणाला, भिंत फोडावी लागंल बाई, महिना जाईल, दुखणंच मागे लावून घेताय.

म्हटलं, फोड. महिन्याचं काय एवढं, या घराला सवय आहे.